खांब आणि पायऱ्या



समाजशास्त्र हा माझा विषय नव्हे; मी प्रयोगशाळेत काम करणारा संशोधक. पण आपण ज्या नेदरलँड्समध्ये राहतो, त्याचा इतिहास जातीबद्दल बरेच काही शिकवतो. तेवढेच आज मांडतो.

एकेकाळी इथला समाज कॅथलिक, प्रोटेस्टंट, समाजवादी आणि उदारमतवादी अशा 'खांबां'त विभागलेला होता. शाळा वेगळी, वर्तमानपत्र वेगळे, कामगार संघटना वेगळी, रेडिओसुद्धा वेगळा. १९१७ साली धार्मिक शाळांना सरकारी शाळांच्या बरोबरीने अनुदान मिळाले. १९५४ साली बिशपांनी कॅथलिकांना समाजवादी कामगार संघटनेत जाण्यास आणि समाजवाद्यांचा रेडिओ नियमित ऐकण्यास मनाई केली. लग्नाबद्दल तर म्हणच होती: दोन धर्म एका उशीवर आले, की मध्ये सैतान झोपतो! अशा दुभंगलेल्या समाजात लोकशाही टिकली, ती नेत्यांच्या आपसांतील समझोत्यामुळे, असे विश्लेषण आरेंड लाइपहार्ट यांनी १९६८ साली मांडले.

तोपर्यंत खांब ढासळू लागले होते. टीव्हीला सुरुवातीला एकच वाहिनी होती, त्यामुळे सगळेच एकमेकांचे कार्यक्रम पाहू लागले. कल्याणकारी राज्य आले, तशी अडीअडचणीला चर्चची गरज उरली नाही.

मग टीव्ही, शिक्षण आणि शहरे येऊनही जात का ढासळली नाही?

९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात, पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी जातीवर निबंध वाचला. जातीअंतर्गत विवाह हाच जातीचा गाभा, हे त्यांचे प्रतिपादन. पण बेटीबंदी थोडीफार इथल्या खांबांतही होती. फरक आंबेडकरांच्या दुसऱ्या संकल्पनेत सापडतो: श्रेणीबद्ध विषमता. खांब शेजारीशेजारी उभे असतात. जाती पायऱ्यांसारख्या, एकीवर एक. जवळजवळ प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतेच. म्हणून जिना मोडायला सगळे एकत्र येत नाहीत. खांब सोडणाऱ्याची ओळख बदलत असे. पायरी सोडणाऱ्याला आपला 'दर्जा' जाईल अशी भीती वाटते.

रोटीबंदी आपण सातासमुद्रापार येऊन केव्हाच मोडली. गणपतीच्या जेवणावळीत कोणी जात विचारत नाही. पण मुलाने डच मुलगी पसंत केली, तर आपण मोठ्या मनाने स्वीकारतो. आणि महाराष्ट्रातलीच, पण 'खालची' मानलेल्या जातीतली मुलगी पसंत केली तर? तेवढाच आनंद होईल का?

आपले पुरोगामित्व मोजायला याहून अचूक उपकरण मला माहीत नाही. चर्चेला इथूनच सुरुवात करू या.