बोंडअळीची झोप
(साखरखेर्डा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सजीवांची लक्षणे शिकविताना लाजाळूचे उदाहरण हटकून दिले जाते. स्पर्श होताच पान मिटते. भोवतालच्या बदलाला प्रतिसाद देणे हे सजीवाचे लक्षण होय, हे मुलांना पटते. परंतु बुलढाणा जिल्ह्यातील या काळ्या रानात त्याहून बोलके उदाहरण कपाशीच्या बोंडात दडलेले आहे. ते गुलाबी बोंडअळीचे.

हिची मादी पात्या, फुले व कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अळी फुलात असली की पाकळ्या उमलत नाहीत. हीच शेतकऱ्यांची ‘डोमकळी’. बोंडात शिरल्यावर छिद्र बुजते. बाहेरून बोंड धडधाकट दिसते आणि आत सरकी पोखरली जाते. अनुकूल हवेत सुमारे महिनाभरात एक पिढी पुरी होते. मात्र दिवस लहान व रात्री थंड होऊ लागल्या म्हणजे हीच अळी दोन सरक्या एकमेकींस जोडून त्यांत सुप्तावस्थेत जाते. तिची वाढ थांबते, श्वसन मंदावते, जीव मात्र टिकतो. पुढे दिवस वाढले, ओलावा लाभला की ती जागी होते. त्या वेळी पतंगांना पात्याफुलांवर आलेली कपाशी मिळाली नाही, तर त्यांची संतती जगत नाही. हंगामापूर्वी पाणी देऊन केलेली लागवड आणि जानेवारीनंतरही राखलेली फरदड या दोहोंमुळे ही साखळी तुटत नाही. एकदोन वेचण्यांच्या लोभाने राखलेली फरदड साऱ्या शिवाराला महाग पडते, हे पंचायतीने स्पष्ट सांगितले पाहिजे.

दुसरा प्रतिसाद पिढ्यान्‌पिढ्यांचा. बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाली; दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले. त्यांतील विषाने बहुतेक अळ्या मरत. अपवादाने वाचलेल्यांचीच संतती वाढत गेली. अळी विष पचवावयास ‘शिकली’ असे म्हटले जाते, ते बरोबर नव्हे. एकेक अळी बदलत नाही. वाचणाऱ्यांचे प्रमाण बदलते. कडेने बिगर-बीटी ओळी लावावयाच्या त्या याचसाठी की, तेथे विषाला बळी पडणारे पतंगही शिल्लक राहावेत आणि संकरातून प्रतिकारशक्ती फैलावू नये. त्या बियाण्याची पाकिटे पुष्कळांनी पेरलीच नाहीत. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडे हातची गेली.

नर पतंग मादीच्या गंधामागे येतो, हाही प्रतिसादच. कामगंध सापळे त्यावरच चालतात. हेक्टरी ५ सापळे लावावेत. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग आढळले, की उपाय योजण्याची वेळ आली असे समजावे. ही मोजणी शाळेतील मुले सहज करू शकतील आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिता येतील.

राहिला प्रश्न बांधावर रचलेल्या पऱ्हाटीचा. ते घरोघरचे सरपण आहे. ते ठेवू नका म्हणून चालणार नाही. पण तिच्यावरील वाळकी, न उमललेली बोंडे तोडून आधी चुलीत घालावीत. सुप्त अळी त्यांतच पावसाची वाट पाहत असते.