गणपतीनंतरचे १.८ किलो

चालायला निघताना हेडफोन लावले असतील तर मस्तच. लोकलच्या दारात उभे असाल तर आधी आत या, मग ऐका.

आजचा विषय एका मेसेजमुळे सुचला. एका श्रोत्याने लिहिलंय, "दादा, २ महिन्यांवर लग्न आलंय, १५ किलो कमी करायचेत, प्लॅन सांग." मी त्याला प्लॅन नाही पाठवला, हिशोब पाठवला. तोच आधी इथे करूया.

शरीरातली १ किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. १५ किलो म्हणजे १ लाख १५ हजार ५००. याला ६० दिवसांनी भागा. रोज १,९०० च्या वर तूट! बैठं काम करणाऱ्या पोराच्या शरीराचा दिवसभराचा सगळा खर्चच साधारण २,००० ते २,४०० कॅलरी असतो. म्हणजे भाऊने २ महिने जवळपास हवा खायची आणि मग बोहल्यावर चढायचं.

आता हाच हिशोब उलटा करा. आठवड्याला अर्धा किलो चरबी घालवायची तर रोज साधारण ५५० कॅलरींची तूट लागते. ही जमते. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि आपल्या घरी भाजीत ते किती पडतं ते कधी ओट्याजवळ उभं राहून बघा. संध्याकाळचं फरसाण, तीन चहांमधली साखर, वर थोडं चालणं, झालं. आठवड्याला अर्धा ते एक किलो हाच वेग डॉक्टरही सांगतात. म्हणून त्याला मी म्हटलं, ४ किलो धर, ५ झाले तर बोनस. तो जरा नाराज झालाय. होऊ दे.

मी हे इतक्या ठामपणे का बोलतोय, तर माझी स्वतःची गोष्ट ऐका. चार वर्षांपूर्वी माझं वजन होतं ८४, उंची १७० सेंटिमीटर. जूनमध्ये सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात २ किलो कमी! मी तर हवेत. ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगून झालं. पुढच्या आठवड्यात मात्र फक्त ३०० ग्रॅम. त्याच्या पुढे ४००. मला वाटलं काहीतरी बिघडलं.

बिघडलं काहीच नव्हतं. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून ४००-५०० ग्रॅम साखर साठवलेली असते, तिला ग्लायकोजेन म्हणतात. तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. भात-पोळी कमी केली की हा साठा उतरतो आणि पाणीही जातं. पहिल्या आठवड्यातले ते २ किलो बहुतेक हेच होते. खरी चरबी नंतरच्या ३००-४०० ग्रॅममध्ये होती, आणि मी नेमका तिच्यावरच रुसलो होतो.

मग आले गणपती. मोदक, पुरणपोळी, मामाकडची पंगत, रात्री मंडळात वडापाव. तिसऱ्या दिवशी काट्यावर उभा राहिलो तर १.८ किलो जास्त. अडीच महिन्यांची मेहनत पाण्यात गेली, असं वाटलं. त्या सकाळी मी सोडून दिलं, सगळंच.

आज तोच हिशोब केला तर हसू येतं. १.८ किलो चरबी चढायला रोजच्या गरजेच्या वर जवळपास १४,००० कॅलरी लागतात. २ दिवसांत? मी खादाड आहे, पण इतका नाही. ते मीठ होतं, रिकामा साठा पुन्हा भरला होता, त्याचं पाणी होतं आणि पोटातलं न पचलेलं जेवण होतं. ४-५ दिवस नेहमीसारखं खाल्लं असतं तर बहुतेक उतरलंही असतं. मी थांबलोच नाही. पुढच्या वर्षभरात ८४ चे ८७ झाले आणि एचबीए१सी तपासली तर ६.१. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा आकडा. बाबांना मधुमेह आहे, त्यामुळे घरात त्या रिपोर्टवर कोणी काही बोललंच नाही. आईने फक्त माझ्या चहातली साखर बंद केली.

तर दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा खाण्याआधी मी मोजणं बदललं.

वजन रोज करतो, सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. पण रोजचा आकडा फक्त लिहून ठेवायचा, त्याच्याशी भांडायचं नाही. रविवारी ७ दिवसांची सरासरी काढायची आणि ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघायची. फोनमधलं कॅल्क्युलेटर पुरतं. मुलींसाठी एक महत्त्वाचं: पाळीच्या आसपास पाणी धरून वजन एक-दोन किलोही वर जाऊ शकतं. म्हणून मागच्या आठवड्याशी नाही, मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी तुलना करा.

दुसरं, शिंप्याकडे असते ती टेप. २०-३० रुपयांची वस्तू, पण माझ्या मते काट्यापेक्षा कामाची. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर लावायची, श्वास सहज सोडायचा आणि मोजायचं. पोट आत घेऊन कोणाला फसवताय? भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, हाही एक सोपा ठोकताळा. माझ्यासाठी तो ८५.

कंबरच का, त्याची एक आपल्या पुण्याची गोष्ट आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजन-उंचीचं गणित सारखं, आतला माल वेगळा! आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, असे किती जण असतात बघा. त्यांना काटा "सगळं ठीक" म्हणतो.

आणि हो, टक्केवारी दाखवणारे ते स्मार्ट काटे. पायातून अगदी हलका विद्युतप्रवाह सोडून ते अंदाज बांधतात. पाणी कमी-जास्त प्यायलात तरी आकडा हलतो. माझ्या काट्याने सकाळी २७ आणि रात्री २४ दाखवलेत. दिवसभरात ३ टक्के चरबी कुठे गेली म्हणे? घरात असेल तर वापरा, पण त्यासाठी मुद्दाम पैसे घालू नका.

दुसऱ्या वेळी मधले ३ आठवडे माझी सरासरी जागची हलली नाही. तेव्हा मी नुकतंच दंड-बैठका आणि डंबेल सुरू केलं होतं. नवीन व्यायामाने स्नायू दुखतात, पाणी धरतात, काटा अडतो. टेप मात्र दीड सेंटिमीटर खाली होती. ती नसती तर मी पुन्हा सोडलं असतं, हे नक्की. माझा नियम असा: ४ आठवडे सरासरी आणि टेप दोन्ही जागेवर असतील तरच खाण्यात बदल. तेव्हाही आधी तेल आणि सुट्टीच्या दिवसाचं खाणं तपासायचं, पोळ्यांना नंतर हात लावायचा. शिवाय हलकं झालेलं शरीर खर्चही कमी करतं, त्यामुळे वेग मंदावणारच.

९ महिन्यांत ८७ चा ७८ झालो. कंबर १०१ वरून ९१. एचबीए१सी ५.६. आई म्हणते, "किती वाळलास!" शेजारच्या काकूंच्या काही लक्षातही आलेलं नाही. ८५ अजून लांब आहे, यंदाचे गणपतीही मध्ये आहेत.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. चक्कर येणं, पाळी बंद होणं, केस गळणं सुरू झालं तर तूट जास्त होतेय, तपासून घ्या. आणि सकाळी काट्याकडे जाताना पोटात गोळा येत असेल तर काटा महिनाभर माळ्यावर टाका. टेप पुरेल.

पुढच्या भागात शाकाहारी जेवणात प्रथिनं कशी बसवायची ते बघू, उसळींपासून सुरुवात करू. लग्नवाल्या भावा, तू कंबर मोजून आकडा पाठव, वजन नको. भेटूया.