नावाखाली काय लिहू?

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी गोठ्यातलं आवरत असाल. तसंच ऐका, हात थांबवू नका.

मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. म्हणजे काय करते ते आधी सांगते. डेअरीत तुम्ही दूध घालता, यंत्र फॅट दाखवतं आणि लगेच चिठ्ठी बाहेर येते. लिटर किती, फॅट किती, दर काय, रक्कम काय, सगळं त्यावर असतं. यंत्राला स्वतःची अक्कल नसते. कुठला आकडा कुठून घ्यायचा, कशाला गुणायचं, पशुखाद्याची उचल कधी वजा करायची, हे कुणीतरी आधी बसून पायरी पायरीनं लिहून ठेवलेलं असतं. ते लिहिण्याचं काम माझं. सात वर्षं पुण्यात एका कंपनीत होते. आता तालुक्याच्या गावी स्वतःचं काम करते.

स्वतःचं काम म्हणजे व्हिजिटिंग कार्ड हवं, म्हणून छापखान्यात गेले. नाव सांगितलं, फोन नंबर सांगितला. छापखानेवाले दादा म्हणाले, "ताई, नावाखाली काय टाकू?" आणि मी गप्पच झाले.

कंपनीत हा प्रश्न कधी आला नाही, कारण तिथं हुद्दा कंपनीच द्यायची. माझ्या कार्डावर 'सहायक' असं इंग्रजीत होतं. माझ्यानंतर लागलेला शेजारच्या टेबलावरचा मुलगा तेच काम करायचा, त्याच्या कार्डावर 'इंजिनीअर' होतं. सुरुवातीला मी म्हणायचे, शब्दच तर आहे, काय बिघडतं! पण बाहेरचे लोक आले की बोलणी करायला इंजिनीअरला आत बोलवायचे, आणि सहायकाला म्हणायचे, जरा चहाचं बघता का. पगारवाढीला साहेब म्हणाले, तुमच्या श्रेणीत एवढीच बसते. तेव्हा मला त्या शब्दाची किंमत रुपयांत कळली.

म्हणून या वेळी ठरवलं, हुद्दा चांगला दणदणीत घ्यायचा. आमच्या धंद्यात तशी पद्धतही आहे. कुणी स्वतःला 'कोड निन्जा' म्हणवतात. निन्जा म्हणजे जपानातले जुन्या काळचे, लपूनछपून लढणारे हेर. कुणी 'रॉकस्टार', कुणी 'गुरू'. पुण्याच्या मैत्रिणींनी सुचवलं, 'कोड जादूगार' लिही, लोकांच्या लक्षात राहील. मी दोनशे कार्डं छापली.

पहिलं कार्ड एका दूध संस्थेच्या सचिवांना दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, उलटं करून पाहिलं आणि अगदी साधेपणानं म्हणाले, "बरं झालं आलात. गणपतीत पोरांसाठी जादूचे प्रयोग ठेवायचेच होते." मी समजावून सांगितलं, सगळे हसले, चहा झाला. काम मात्र जिल्ह्याच्या गावच्या एकाला गेलं. त्याच्या कार्डावर छापलं होतं, 'डेअरीचे हिशेब संगणकावर करून मिळतील'. त्याचं काम माझ्यापेक्षा चांगलं की वाईट, हे पाहायची वेळच आली नाही.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या गटाच्या खजिनदार आहेत. त्या म्हणाल्या, "अगं, तू करतेस काय, ते लिही की."

ऐकायला सोपं वाटतं, पण करायला घेतलं की अडतं. 'प्रोग्रॅमर' लिहावं म्हटलं, तर आपल्याकडे प्रोग्रॅम म्हणजे ऑर्केस्ट्रा नाहीतर लावणी. 'इंजिनीअर' लिहावं, तर गावात विचारणार, बंधाऱ्याचं काम तुमच्याकडेच आहे का? शिवाय मी बी.एस्सी. आहे, इंजिनीअरिंगची पदवी नाही. आपल्याकडे संगणकाच्या कामात हा शब्द सरसकट चालतो, पण कॅनडात बहुतेक प्रांतांत परवान्याशिवाय स्वतःला इंजिनीअर म्हणवता येत नाही. मलाही तो शब्द घ्यायला संकोच वाटला.

मग जाऊबाई म्हणाल्या, "हिशेब सखी लिहा. आपल्याकडे कृषी सखी आहे, पशु सखी आहे, बँक सखी आहे." नाव मला फार आवडलं. गोड आहे, आपलं आहे. दोन दिवस तेच डोक्यात होतं. मग लक्षात आलं, 'सखी' वाचलं की लोकांना वाटणार, ही सरकारी योजनेतून आलेली दिसते. एक तर मी नसलेला अधिकार उसना घेतल्यासारखं होणार, आणि दुसरं म्हणजे बिल दिलं की समोरचा म्हणणार, सखीला कुठं पैसे द्यायचे असतात?

हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. २००५ मध्ये आशांची योजना सुरू झाली, तेव्हा नाव दिलं 'स्वयंसेविका'. अंगणवाडीत 'सेविका' आणि 'मदतनीस'. शब्द मानाचे आहेत. पण सेवा म्हटलं की पगाराऐवजी मानधन आलं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. नाव मानधन असलं तरी त्या कायद्यापुरतं ते वेतनच धरलं. न्यायालयानं नावापेक्षा काम पाहिलं. पण तिथवर पोचायला बायकांना किती वर्षं लढावं लागलं बघा.

आमच्या संगणकाच्या धंद्यातही बायकांचं असंच झालं. 'कॉम्प्युटर' हा आधी यंत्राचा शब्द नव्हता. आकडेमोड करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर म्हणत, आणि अमेरिकेत या कामावर पुष्कळ बायका होत्या. दुसऱ्या महायुद्धात फिलाडेल्फिया शहरात तोफगोळा किती लांब जाऊन पडेल याची गणितं त्या करायच्या. त्यांच्यातल्या सहाजणींना एनिॲक नावाच्या खोलीभर मोठ्या नव्या यंत्रावर घेतलं. कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सेस बायलास आणि रूथ लिख्टरमन. वायरी जोडून आणि बटणं लावून त्या यंत्राला गणित शिकवायच्या. आज मी करते तेच काम, माझ्यापेक्षा कितीतरी अवघड. पण सरकारी कागदावर त्यांची श्रेणी होती, व्यावसायिकाच्या खालची. फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्र जगाला दाखवलं, वाहवा झाली, आणि रात्रीच्या मेजवानीला या बायकांना बोलावणं नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं फोटोतल्या त्या बायका कोण, हेही लोकांना माहीत नव्हतं. १९९७ मध्ये कुठं त्या सहाजणींचा एकत्र सन्मान झाला.

दुसरी गोष्ट मेरी जॅक्सन यांची. काळ्या वर्णाच्या, हुशार. १९५१ मध्ये त्या अमेरिकेच्या विमान संशोधन केंद्रात कॉम्प्युटर म्हणून लागल्या. पुढे तेच केंद्र नासाचा भाग झालं. काम इंजिनीअरांच्या बरोबरीनं करायच्या. एका वरिष्ठानं सांगितलं, तुम्ही इंजिनीअर व्हा. त्यासाठीचे वर्ग गोऱ्यांच्या शाळेत भरायचे, तिथं काळ्यांना मनाई. मेरीबाईंनी शहराकडे अर्ज करून खास परवानगी काढली, शिकल्या, आणि १९५८ मध्ये नासाच्या पहिल्या काळ्या महिला इंजिनीअर झाल्या. शब्दाला किंमत नसती, तर त्यासाठी इतकी खटपट कोण करतं?

आणि मार्गारेट हॅमिल्टन. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा यानातल्या संगणकाचे प्रोग्रॅम त्यांच्या गटानं लिहिले होते. आपलं काम म्हणजे 'सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग' आहे असं त्या म्हणू लागल्या, तेव्हा सहकाऱ्यांना ती थट्टा वाटायची. त्या म्हणत राहिल्या. आज जगभर लाखो माणसं तोच शब्द कार्डावर छापतात.

म्हणजे नवा शब्द काढायला हरकत नाही. ॲपल कंपनीत 'इव्हँजेलिस्ट', म्हणजे धर्मप्रसारक, असा हुद्दा होता. गाय कावासाकी त्याच हुद्द्यानं ओळखले गेले. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यांचं काम खरंच तसं होतं. दारोदार जाऊन दुसऱ्या प्रोग्रॅमरांना पटवायचं, की आमच्या मॅकिंटॉश संगणकासाठी प्रोग्रॅम लिहा. तिथं तो शब्द शोभला. माझ्या 'जादूगारा'तून माझं काम दिसतच नव्हतं.

जपानमध्ये कार्ड दोन्ही हातांनी देतात आणि दोन्ही हातांनी घेतात. तिथल्या निन्टेन्डो या खेळ बनवणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता मुळात प्रोग्रॅमर होते. २००५ मध्ये एका भाषणात ते म्हणाले होते, कार्डावर मी अध्यक्ष आहे, डोक्यात खेळ तयार करणारा आहे आणि मनातून खेळणारा आहे. मला हे फार पटलं. मनातलं सगळंच कार्डावर यावं असं नाही. कार्ड वाचणाऱ्यासाठी असतं. मनातलं आपण बोलताना सांगावं.

मग मी काय केलं ते सांगते. चार नावं कागदावर लिहिली आणि प्रत्येक नाव गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं. बायकांना एवढंच विचारलं, हे वाचून तुम्ही माझ्याकडे कशासाठी याल? उत्तर चुकलं की नाव रद्द. नंतर स्वतःला विचारलं, उद्या कुणी म्हणालं, दाखव करून, तर मी हे दाखवू शकते का? आणि या नावाखाली पैसे मागताना माझी जीभ अडखळेल का?

शेवटी कार्डावर आलं, 'संगणक प्रोग्रॅमर'. खाली बारीक अक्षरात, 'डेअरी, पतसंस्था आणि बचत गटांचे हिशेब संगणकावर बसवून मिळतील'. गंमत पार सोडली नाही. मागच्या बाजूला छापलं, 'हरवलेला रुपया शोधून देणारी'. लोक पुढची बाजू वाचून काम सांगतात आणि मागची वाचून हसतात. जादूगाराची उरलेली कार्डं मुलीनं भातुकलीत दुकान दुकान खेळायला नेली.

हे सगळं चालू असताना सासूबाईंच्या म्हशीच्या कर्जाचं निघालं. त्यांच्या तीन म्हशी आहेत, दर दहा दिवसांनी त्यांच्या नावावर बिल जमा होतं. बँकेत अर्ज भरणाऱ्यानं त्यांना न विचारताच 'व्यवसाय' या रकान्यात 'घरकाम' लिहून टाकलं. पुढच्या टेबलावरच्या साहेबांनी ते वाचून विचारलं, "मावशी, कर्ज फेडणार कशातून?" तीस वर्षं पहाटे चारला उठून धारा काढणाऱ्या बाईला हा प्रश्न. त्या तशाच परत आल्या. आल्यावर मला म्हणाल्या, "तुला सांगितलं, काय करतेस ते लिही. माझंच लिहायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. नवा अर्ज घेतला. त्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं, अक्षर अक्षर लावून लिहिलं, 'दूध व्यवसाय'. बरोबर डेअरीची मागची बिलं जोडली. या वेळी साहेबांनी बिलं पाहिली आणि विचारलं, म्हैस किती लिटरची घेणार? कर्ज मिळतंय का नाही ते पुढच्या आठवड्यात कळेल. पण या वेळी प्रश्न धंद्याचा विचारला गेला.

तर मैत्रिणींनो, आज रात्री वहीच्या मागच्या पानावर आपलं नाव लिहा. त्याखाली एका ओळीत आपलं काम लिहा. पापड लाटता, तर 'पापड उत्पादक' लिहा. शिवणकाम करता, ते लिहा. शेत तुम्ही कसता, तर 'शेतकरी' लिहा. बैठकीत एकमेकींना वाचून दाखवा. आणि यापुढे कुठल्याही अर्जावर तो रकाना आला, की भरणाऱ्याला म्हणा, थांबा दादा, ते मी सांगते.

बरं, भाकरी करपली नाही ना? येते मी. नमस्कार.