हजेरी क्रमांकानं एक रांग
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला 'आयटीतले अनुभव' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. पण मी आज आजारपणावर बोलणार आहे. संयोजकांनी माफ करावं.

आधी एक आठवण. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई शाळेत यायच्या. व्हरांड्यात टेबल लागायचं, स्पिरिटचा वास सुटायचा आणि आपल्यातले दोन वीर हमखास पाण्याच्या टाकीमागे सापडायचे. नावं घेत नाही, दोघंही समोर बसलेत! रांग लागायची ती हजेरी क्रमांकानं. कुणाचे वडील बागायतदार, कुणाची आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणारी. सुई सगळ्यांना सारखीच.

आता जरा हात वर करा. ज्यांना शुगर आहे त्यांनी. लाजू नका, माझाही हात वर आहे.

(सभागृहात बरेच हात वर होतात.)

आता यंदा ज्यांनी फ्लूची लस घेतली, त्यांनीच हात वर ठेवा.

बघा. माझ्याशिवाय तीन हात उरले. एक आपले डॉक्टर, एक पुण्यात कंपनीत आहे, एक बँकेत अधिकारी. शेती करणारे, दुकान चालवणारे, घर सांभाळणाऱ्या मैत्रिणी, सगळ्यांचे हात खाली. मला आज एवढंच दाखवायचं होतं. बाकीचं या तीन हातांबद्दल आहे.

मी ही लस दरवर्षी घेते. त्यात माझी हुशारी काही नाही. एप्रिलमध्ये कंपनीत शिबिर असतं, मेल येतो, लिफ्टनं दोन मजले उतरायचं, टोचून घ्यायचं, पुन्हा जागेवर. पैसे कंपनी भरते. माझ्या आईला मात्र अठरा वर्षं मधुमेह. दर महिन्याला गोळ्या आणायला दवाखान्यात जायची, पण लसीचं तिला कुणी सांगितलं नाही. कुणी कशाला, मीही नाही! त्या ऑगस्टमध्ये तिला ताप आला. 'पावसाळी ताप आहे गं, उतरेल,' म्हणाली. चौथ्या दिवशी धाप लागली, साखर चारशेच्या वर. फ्लू आणि त्यातून न्यूमोनिया. नऊ दिवस दवाखान्यात होती. देवाच्या दयेनं घरी आली. मी कॉटशेजारी बसून एकच हिशेब करत होते : एप्रिलमध्ये टोचून आल्यावर तिला एक फोन करायला किती मिनिटं लागली असती?

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनाही शुगर आहे. नंतर त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "ताई, लस लहान पोरांना असते ना?" त्यांचं काय चुकलं? सरकारच्या सार्वत्रिक लसीकरणात मुलं आणि गरोदर बायका आहेत. मोठ्यांची फ्लूची लस त्यात नाही. खाजगीत दीड-दोन हजार रुपये, शिवाय सुट्टी घेतली तर दिवसाचा खाडा.

मी सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे आकडे शोधले. आयसीएमआरच्या २०२३ मधल्या अहवालाप्रमाणे देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत. २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरच्या लोकांची देशभर मोठी पाहणी झाली. त्यात फ्लूची लस घेतलेले होते जेमतेम दीड टक्का.

हे फक्त गरीब देशात होतं असंही नाही. कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षं अमेरिकेत होते. तिथे ही लस औषधाच्या दुकानातही मिळते आणि बहुतेकांना विम्यामुळे पैसे पडत नाहीत. तरी २०२१-२२ च्या हंगामात ती घेणारे गोरे प्रौढ ५४ टक्के, कृष्णवर्णीय ४२ आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे ३८ टक्के. म्हणजे नुसती फुकट करून भागत नाही. ज्याच्यापर्यंत लस चालत येते तो घेतो. ज्याला रोजगार बुडवून तिच्याकडे जावं लागतं, ज्याचा दवाखान्यावर विश्वास नाही, तो राहून जातो.

आता शंका. या इंजेक्शनमध्ये जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे त्यानं फ्लू होत नाही. हात दुखतो, एखादा दिवस कणकण येते. संपूर्ण संरक्षण मिळत नाही, पण आजार गंभीर होण्याचा धोका घटतो, आणि शुगरवाल्यांना तोच धोका जास्त असतो. विषाणू रूप बदलतो म्हणून दरवर्षी घ्यायची. परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात आणि आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो, म्हणून मे महिना बरा. आपापल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. स्वाइन फ्लूच्या साथीनंतर महाराष्ट्रात मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांना सरकारी दवाखान्यात ही लस मोफत देण्याची योजना झाली होती. तिथेही चौकशी करा.

शेवटी एक मागणी. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला संगणक द्यायचं ठरलंय. संगणकावर पोट भरणारी मीच म्हणते, त्यातले दोन कमी घेऊ. त्या पैशात दर मे महिन्यात याच व्हरांड्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेबल लावू. आपले निवृत्त सर आणि बाई, शिपाईकाका, खिचडी शिजवणाऱ्या ताई, आपल्या मित्रांचे आईवडील, ज्यांना शुगर आहे ते सगळे. फोन करून बोलवायचं काम माझ्याकडे. एक फोन माझा राहून गेला होता.

रांग मात्र पूर्वीसारखीच, हजेरी क्रमांकानं. आणि त्या दोघा वीरांना पाण्याच्या टाकीवर पहाऱ्याला बसवू.