डालग्याखालची कोंबडी आणि डॉ. वेबस्टर
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दर वर्धापनदिनी आपल्यापैकी एकीने एखाद्या थोर व्यक्तीची ओळख करून द्यावी, अशी आपल्या मंडळाची चाल आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी एखाद्या संताविषयी बोलेन असे पुष्कळजणींना वाटले असेल. परंतु मी निवडले आहेत ते एक विषाणुशास्त्रज्ञ, डॉ. रॉबर्ट वेबस्टर. माझी धाकटी लेक कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. दुपारी मी गहू निवडत बसले की ती मला यांची हकिगत वाचून दाखवी. ती ऐकताना माझ्या मनात वीस वर्षे सलत असलेल्या एका गोष्टीचा उलगडा झाला. म्हणून आधी तीच सांगते.

माझे माहेर नवापूर तालुक्यात. २००६ च्या फेब्रुवारीत मी दुसऱ्या बाळंतपणासाठी तिकडे होते. लेक तेव्हा तीन आठवड्यांची होती. त्याच महिन्यात नवापूरच्या पोल्ट्र्यांत कोंबड्या पटापट मरू लागल्या आणि तो बर्ड फ्लू आहे असे ठरले. भारतात या रोगाची ती पहिलीच साथ. लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर आसपासच्या घरांच्या परसातील कोंबड्याही सोडल्या नाहीत. अंगभर पांढरे कपडे आणि तोंडाला पट्टी बांधलेली माणसे घरोघर आली. आईच्या सात कोंबड्यांपैकी सहा त्यांनी नेल्या. सातवी, तांबडी, आईने माझ्या बाजेजवळच्या कोपऱ्यात डालग्याखाली झाकली आणि वर गोधडी टाकली. "बाळंतिणीला अंडं नको का? आणि ही तर ठणठणीत आहे. हिनं कुणाचं काय वाईट केलं?" असे आई म्हणाली. मीही गप्प राहिले.

या "ठणठणीत आहे" शब्दाचे उत्तर शोधण्यात डॉ. वेबस्टर यांचे आयुष्य गेले. ते कसे, ते आता ऐका.

त्यांचा जन्म १९३२ साली न्यूझीलंडमधील बालक्लूथा येथे झाला. बालपण शेतावर गेले. ड्युनेडिन आणि ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे त्यांचे शिक्षण झाले. १९६७ च्या सुमारास ते आणि त्यांचे सहकारी डॉ. ग्रेम लेव्हर ऑस्ट्रेलियाच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरत होते. वाळूत थोड्याथोड्या अंतरावर मटनबर्ड नावाचे समुद्रपक्षी मरून पडलेले. आपण नाक मुरडून पुढे गेलो असतो. पण १९६१ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुरय जातीचे पक्षी फ्लूने मेले होते, हे त्या दोघांना ठाऊक होते. हेही फ्लूने मेले असतील काय, एवढाच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला.

मग ते ग्रेट बॅरियर रीफच्या एका बेटावर गेले आणि जिवंत पक्षी धरून त्यांचे रक्त आणि घशातील लाळ तपासू लागले. काहींच्या रक्तात फ्लूशी झुंजल्याच्या खुणा, म्हणजे प्रतिपिंडे, सापडली. प्रत्यक्ष विषाणू हाती लागायला १९७२ साल उजाडले. एवढी वर्षे पाखरांच्या मागे हिंडणाऱ्यांना लोक काय म्हणत असतील, याची मला कल्पना येते. भिशीचा हिशेब दोनदा तपासला तर आपल्यालाही नावे ठेवतात!

१९६८ पासून डॉ. वेबस्टर अमेरिकेत मेम्फिस येथील सेंट ज्यूड या मुलांच्या रुग्णालयातील संशोधन केंद्रात काम करू लागले. तेथून ते कॅनडातील तलावांवर रानबदके तपासायला जात. तेथे फार मोठी गोष्ट कळली. फ्लू म्हणजे नाक, घसा आणि छाती, असे आपण समजतो. बदकांत हा विषाणू आतड्यात वाढतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि तलावाच्या पाण्यात मिसळतो. आणि बदक? ते बहुधा खुशाल पोहत असते. शिंक नाही, ताप नाही. दिसायला ठणठणीत!

भगिनींनो, हे ऐकले तेव्हा माझ्या हातातले सूप तसेच राहिले.

बदकात गुण्यागोविंदाने राहणारा हा विषाणू कोंबड्यांत शिरला की बदलू शकतो. १९८३ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात तसेच झाले. एप्रिलमध्ये कोंबड्यांत साधा आजार होता; ऑक्टोबरात तोच जीवघेणा झाला. विषाणूच्या घडणीत एक बारीकसा बदल झाला होता, एवढेच, असे डॉ. वेबस्टर यांच्या प्रयोगशाळेत आढळले. साथ मोडण्यासाठी १ कोटी ७० लाख पक्षी मारावे लागले.

१९९७ साली हाँगकाँगमध्ये एच५एन१ या जातीचा विषाणू माणसांत शिरला. पहिला बळी तीन वर्षांचा मुलगा. एकंदर १८ जणांना लागण झाली, त्यांतील ६ दगावले. तेथील डॉ. केनेडी शॉर्टरिज यांच्या मदतीला डॉ. वेबस्टर धावून गेले. जिवंत कोंबड्यांच्या बाजारात त्यांनी तपासणी केली, तेव्हा दर पाच कोंबड्यांमागे सुमारे एकीत विषाणू निघाला. डिसेंबरच्या अखेरीस शहरातील सुमारे १५ लाख कोंबड्या मारण्यात आल्या आणि माणसांना होणारी लागण थांबली. कठोर निर्णय खरा. पण त्याने किती घरांतील मुले वाचली असतील, ते देवालाच ठाऊक.

आता औषधाविषयी. पेनसिल्व्हेनियाच्या साथीनंतर डॉ. वेबस्टर यांनी कोंबड्यांना पाण्यातून अमँटाडीन नावाचे औषध देऊन पाहिले. आधी गुण आला, पण लवकरच त्या औषधाला दाद न देणारा विषाणू निपजला. नुसते औषध पाजून भागत नाही, हे यावरून समजले.

दुसरे औषध मात्र पाखरांच्या कृपेने मिळाले. विषाणू आपल्या पेशीत वाढून बाहेर निघतो, तेव्हा पेशीच्या कडेला चिकटून बसतो. तेथून सुटण्यासाठी त्याच्याजवळ जणू एक कात्री असते. तिचे नाव न्यूरामिनिडेज. या कात्रीचे स्फटिक डॉ. लेव्हर यांनी तयार केले. त्यांतील काही ग्रेट बॅरियर रीफवरील एका पाखरात सापडलेल्या विषाणूपासून केलेले होते. डॉ. पीटर कोलमन यांनी १९८३ साली अशा स्फटिकांवरून त्या कात्रीचा आकार शोधला. आकार कळल्यावर तिच्या पात्यांत अडकेल असे औषध बनवता आले. झानामिव्हिर हे श्वासातून ओढायचे आणि ओसेल्टामिव्हिर हे गोळीचे, अशी दोन औषधे १९९९ साली वापरात आली. किनाऱ्यावर पडलेल्या प्रश्नापासून गोळीपर्यंत यायला तीस वर्षांवर काळ लागला.

यातील दुसरे औषध करण्यासाठी लागणारे शिकिमिक आम्ल चक्रीफुलातून काढतात. होय, तेच आपल्या गरम मसाल्यातले! परंतु चक्रीफुलाचा काढा म्हणजे ते औषध नव्हे. त्या आम्लावर कारखान्यात पुष्कळ क्रिया कराव्या लागतात. ते औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि शक्यतो पहिल्या दोन दिवसांत घ्यायचे असते. म्हणजे आजार लपवला, की औषधाची वेळच टळते.

आता पुन्हा माझ्या माहेरी येते. कोंबड्या नेल्यावर आरोग्याची माणसे रोज घरोघर येऊन विचारीत, "कुणाला ताप, सर्दी, खोकला?" तिसऱ्या दिवशी माझ्या लेकीचे नाक वाहू लागले. रात्रभर ती चोंदलेल्या नाकाने दूध पिऊ शकेना, आणि हातभर अंतरावर डालग्याखाली तांबडी खुडखुड करीत होती. सकाळी ती माणसे दारात आली. आईने "सगळे बरे आहेत" म्हटले. माझ्या तोंडून मात्र निघून गेले, "मुलीला सर्दी आहे. आणि घरात एक कोंबडी आहे."

तांबडीला नेले. मुलीची सर्दी साधीच निघाली, चार दिवसांत गेली. नवापुरात कोणाही माणसाला ती लागण झाल्याचे आढळले नाही. आई मात्र माझ्याशी सव्वा महिना होईपर्यंत धड बोलली नाही. तिच्या दृष्टीने मी घरचे अंडे घालवले आणि तिला चारचौघांत खोटे पाडले. मलाही पुढे वाटत राहिले, की कोंबडी निरोगी होती, मी उगीच आईचे मन मोडले.

डॉ. वेबस्टर यांची हकिगत ऐकल्यावर ते ओझे उतरले. तांबडी निरोगी असेलही. पण ते डोळ्यांनी ठरत नाही. लागण झालेली कोंबडीही पहिले एकदोन दिवस चांगली दिसू शकते. आईचे चुकले असे तरी कसे म्हणू? तिला हे कुणी बसवून सांगितलेच नव्हते. नुसती कोंबडी नेली. कारण सांगितले असते, तर तिनेच डालगे उचलले असते. आई आता नाही. हे तिला सांगायचे राहून गेले, म्हणून तुम्हांला सांगते आहे.

२०२१ साली आपल्या देशात या रोगाने माणूस दगावल्याची पहिली नोंद झाली. तेव्हा विषय जुना झाला असे समजू नका. मेलेल्या पाखराला हात लावू नये, मुलांना लावू देऊ नये. परसातील कोंबड्या एकाएकी मेल्या, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. कोंबडी आणि अंडी पुरती शिजवून खावीत. पुरत्या शिजण्याने हा विषाणू मरतो. कच्चे मांस धुतलेले हात साबणाने धुवावेत. आणि शेजारणीला हे सांगताना कारणही सांगावे.

पंडितांनी पाखरांच्या मागे समुद्र पालथे घातले. आपण आपल्या घरातले डालगे उचलून दाखवले, तरी त्यांच्या कामाला आपला हातभार लागला. एवढे बोलून मी माझे चार शब्द पुरे करते. काही चुकले असेल, तर माझी लेक मागच्या रांगेत बसली आहे, तिला विचारावे.