दूरचं युद्ध आणि खालाची पावती

(यवतमाळमध्ये तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं लिखित रूप)



मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बालपण दिग्रसला गेलं, इंजिनिअरिंग अमरावतीला झालं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. दिवसभर प्रोग्राममधल्या चुका शोधणं हे माझं काम. आज सुरुवात स्वतःच्याच एका चुकीने करतो.

मागे एका रमजानमध्ये आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गाझाच्या नावाने एक क्यूआर कोड आला. सोबत ढिगाऱ्यात बसलेल्या एका लहान मुलीचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, मदत थेट पोहोचेल. माझे डोळे भरून आले आणि काहीही न तपासता मी तो पुढे पाठवला. माझी खाला घरी शिलाई करते, साड्यांना फॉल-पिको करून देते. तिने त्यावर दोन हजार रुपये भरले. दोन हजार म्हणजे किती साड्या, हा हिशेब तुम्हीच करा. ईदनंतर तिने मला विचारलं, "बेटा, वो पैसे पहुंचे क्या?" मी त्या नंबरवर फोन लावला. बंद. खातं कुठल्या संस्थेचं नव्हतं, एका व्यक्तीच्या नावावर होतं. खालाला मी आजपर्यंत सरळ उत्तर दिलेलं नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. हजारो किलोमीटर दूर चाललेल्या युद्धात माणसं कुणाच्या तरी पाठीशी उभी राहतात, ती नेमकी कशी? पैसा कसा जमतो, कोण ठरवतं, किंमत कोण मोजतं? वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की याची उत्तरं शोधायला फार लांब जायला नको. मुंबई, नागपूर, पवनार आणि आपलं यवतमाळ एवढ्यात बरंच काही सापडतं.

आधी मुंबई. भायखळ्याचं खिलाफत हाऊस तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान हरलं आणि खिलाफतीचं काय होणार या काळजीने इथला मुसलमान हलला. १९१९ मध्ये मुंबईत मध्यवर्ती खिलाफत समिती उभी राहिली. तुर्कस्तानात मुस्तफा कमालचं सैन्य लढत होतं, त्याच्यासाठी इथे 'अंगोरा फंड' जमू लागला. लोकांनी जकात दिली, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. समितीचे अध्यक्ष मुंबईचे मोठे लाकूड व्यापारी सेठ छोटानी होते. पुढे चौकशी झाली तेव्हा कळलं, की जमलेल्या पैशांपैकी सुमारे १६ लाख रुपये त्यांच्या स्वतःच्या धंद्यात अडकले आहेत. भरपाई म्हणून त्यांनी आपल्या लाकडाच्या गिरण्या समितीला देऊ केल्या. आणि ज्या खिलाफतीसाठी हे सगळं चाललं होतं, ती ३ मार्च १९२४ रोजी खुद्द तुर्कांनीच रद्द केली.

त्या बायकांची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणत नाही. माझ्या खालाचीही नव्हती. पण चांगल्या कामाचा हिशेब विचारला की देणाऱ्याच्या नियतवर शंका घेतल्यासारखं होतं, असं आपण तेव्हा मानलं आणि आजही मानतो. हिशेब मागणं हा दान देणाऱ्याचा हक्क आहे. ज्याच्या नावाने पैसे गोळा होतात, त्या जखमी माणसाचा तर तो पहिला हक्क आहे.

आता दुसरं उदाहरण. १९३७ मध्ये जपानने चीनवर हल्ला केला. चिनी सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर मागितले. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. जुलै १९३८ मध्ये त्यांनी देशभर चीनसाठी निधी गोळा करण्याचे दिवस जाहीर केले. २२ हजार रुपये जमले. त्या पैशांतून काय गेलं? पाच डॉक्टर आणि एक रुग्णवाहिका. पाचांतले दोन आपल्याच भाषेचे होते, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस परत आलेच नाहीत. तिथल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२व्या वर्षी तिथेच वारले.

खिलाफतीच्या लाखांपुढे २२ हजार किती किरकोळ! पण कुणीही विचारलं असतं तर सांगता आलं असतं, की पैसे किती आले, कोण गेलं आणि काय काम केलं.

आणखी एक गोष्ट बघा. आपल्याकडे गाझाबद्दल कुणी बोललं की लगेच उलटा प्रश्न येतो, "आधी आपल्या देशाचं बघा ना." जुलै २०२५ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने आझाद मैदानावर गाझासाठी निदर्शनं करू द्यावीत म्हणून याचिका केली होती. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानेही आपल्या देशातल्या प्रश्नांकडे बघा असं सुनावत ती फेटाळली. पुढच्याच महिन्यात परवानगीचा मार्ग मोकळा झाला. पण मुसलमान तरुणाच्या बाबतीत हा प्रश्न नुसता सल्ला राहत नाही, त्यात संशय मिसळलेला असतो. त्याला माझं उत्तर कोटणीस हे आहे. १९३८ मध्ये आपण स्वतः गुलाम होतो, आपल्याकडे उपासमार होती. तरी सोलापूरचा मुलगा चीनला गेला आणि त्याला कुणी देशद्रोही म्हटलं नाही. आपण आजही त्याचं नाव अभिमानाने घेतो.

पण हेच उदाहरण आपल्यालाही आरसा दाखवतं. कोटणीसांचा आणि चिनी सैनिकांचा धर्म एक नव्हता, भाषा एक नव्हती. आपण मात्र काय करतो? सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून यादवी युद्ध चालू आहे. मारणारे मुसलमान, मरणारेही बहुतेक मुसलमान. आपल्या ग्रुपवर सुदानचा एक तरी फोटो आला होता का? युक्रेनचा आला होता का? मारणारा कोण हे बघून आपली हळहळ ठरत असेल, तर मग मरणाऱ्याची आपल्याला खरी किती पडली आहे, हे स्वतःला विचारायला हवं.

आता किंमत. हा मुद्दा आपल्या जिल्ह्याला थेट लागतो, कारण आपला जिल्हा कापसाचा. चीनला डॉक्टर पाठवले त्याच वर्षी, फेब्रुवारीत, हरिपुरा काँग्रेसने जपानी मालावर बहिष्कार घालायला सांगितलं. ठराव योग्यच होता. पण वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक कोण होतं? जपान. १९३३ मध्ये इथे जपानी कापडावर जकात वाढली तेव्हा जपानने उलट इथला कापूसच घेणं बंद केलं होतं. मग १९३४ मध्ये करार झाला, की त्यांचं इतकं कापड यायचं असेल तर त्यांनी आपल्या इतक्या गाठी घ्यायच्या. म्हणजे जपानी कापड नाकारलं की आपल्या गाठींवर टाच येणार, हे उघड होतं. पुढे जुलै १९४१ मध्ये ब्रिटिश सरकारने जपानची मालमत्ता गोठवली आणि ती बाजारपेठच गेली.

बहिष्कार करू नये असा याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच, की ठराव एका मंडपात होतो आणि त्याची झळ दुसऱ्याच कुणाच्या वावराला लागते. ज्याला झळ लागणार, त्याला आधी सांगायला हवं, त्याचं ऐकायला हवं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर सूर्यफुलाच्या तेलाचे भाव कसे चढले, ते तुमच्या अम्मीला विचारा.

आता कोण ठरवतं ते पाहू. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोने जाहीर केलं, की भारत युद्धात आहे. निवडून आलेल्या एकाही भारतीय पुढाऱ्याला विचारलं नव्हतं. म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्याही. तरी त्या युद्धात पंचवीस लाखांच्या आसपास भारतीय सैनिक उतरले.

इथे आपल्या भागातली दोन माणसं एकमेकांसमोर ठेवतो. एक, वर्धा नदीपलीकडचे विनोबा. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला ते उभे राहिले आणि या युद्धाला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका असं बोलले. एवढंच, बोलले. त्यासाठी तीन महिन्यांची कैद झाली. दुसरे, वणीत जन्मलेले आणि यवतमाळला वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे. १९३० मध्ये पुसदच्या जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेलेला हा माणूस १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात सामील झाला आणि परदेशस्थ भारतीयांचं खातं सांभाळू लागला. काँग्रेसने बाहेर राहायचं ठरवलं होतं, अणे आत गेले. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं आणि सरकार त्यांना सोडेना, तेव्हा अण्यांनी राजीनामा दिला.

यातला देशभक्त कोण? माझ्या मते दोघेही. मुसलमानांमध्येही तेव्हा एकमत नव्हतं. पंजाबचे सिकंदर हयात खान सैन्यभरतीच्या बाजूने होते, अहरारवाले भरतीच्या विरोधात तुरुंगात जात होते आणि काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझादही कैदेत गेले. आज मात्र आपल्या ग्रुपवर कुणी वेगळा सूर काढला की त्याला बाहेर काढतात. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सामान्य माणसांना मारलं, ओलीस नेलं, ते चूक होतं, एवढं बोललं तरी लोक म्हणतात, हा त्यांना मिळाला. असं बोलणाऱ्यालाही गाझातल्या मुलांसाठी रडू येऊ शकतं. मला दोन्ही गोष्टी म्हणायच्या आहेत आणि मी दोन्ही म्हणणार.

ज्या देशांत अशा गोष्टी उघडपणे होतात तिथे बघा. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने युक्रेनसाठी सुमारे ६१ अब्ज डॉलर मंजूर केले, पण त्याआधी सहा महिने भांडण चाललं होतं. किती, कशासाठी, कधीपर्यंत. त्याच महिन्यात इस्रायललाही पैसे मंजूर झाले आणि त्याच महिन्यात तिथले विद्यार्थी विद्यापीठांच्या हिरवळीवर तंबू ठोकून त्याचा निषेध करत होते. जर्मनीतल्या कील शहरातली एक संस्था युक्रेनला कुठल्या देशाने किती कबूल केलं आणि त्यातलं प्रत्यक्षात किती दिलं, याचे आकडे मांडत असते. माझ्यासारख्या माणसाला हे फार आवडलं. आश्वासनाचा रकाना वेगळा, दिलेल्याचा वेगळा. आपल्या सरकारचंही असंच तपासता येतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत गाझाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, डिसेंबरात युद्धबंदीच्या बाजूने मत दिलं. हे का बदललं, असं आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारणं हा नागरिकाचा साधा हक्क आहे. तुमच्यापैकी कुणी विचारलं? मीही विचारलं नाही. फोटो मात्र पुढे पाठवला.

मित्रांनो, दूरच्या युद्धाबद्दल गप्प बसा असं सांगायला मी आलेलो नाही. बोला, शांतपणे रस्त्यावर या, पैसेही द्या. पण कुणाचा क्यूआर कोड पुढे पाठवण्याआधी खातं संस्थेचं आहे का बघा, पावती मागा आणि सहा महिन्यांनी पैशांचं काय झालं ते विचारा. उत्तर मिळणार नसेल तर पाठवू नका, फोटो कितीही काळीज चिरणारा असला तरी. ग्रुपवर वेगळं बोलणाऱ्याला काढू नका. आणि मरणारा कुठल्याही देशाचा असो, त्याच्यासाठी तेवढीच जागा ठेवा.

खालाला मी माझ्या खिशातले दोन हजार देऊ केले होते. तिने घेतले नाहीत. म्हणाली, "तूने दिये तो क्या हुआ, वहाँ तो नहीं पहुंचे ना."

उद्या सकाळच्या एसटीने दिग्रसला जातोय. पैसे पोहोचले नाहीत, चूक माझी होती, हे तिच्यासमोर बसून सांगायचं आहे. त्यानंतर ग्रुपवरही लिहायचं आहे, कारण तो कोड तिथे मीच टाकला होता आणि तिच्याशिवाय आणखी कुणी पैसे भरले, हे मी अजून विचारलेलं नाही.