लाडक्याने मोठे होऊ नये काय?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत नाना विषय येऊन जातात. त्यांच्या पंगतीला अमेरिकेतल्या एका पोरसवदा गायकनटाला आणून बसवावे, हे आपणांपैकी काहींना रुचणार नाही. शाळकरी मुलामुलींच्या लाडक्यावर जाणत्या माणसांनी घटकाभर का ऐकावे, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, मला त्या गायकाइतकेच त्याला डोक्यावर घेणाऱ्या लोकांविषयीही बोलावयाचे आहे. आणि ते लोक म्हणजे तुम्हीआम्हीच, श्रोते. मात्र त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट त्याच्या चरित्रातून जाते.

एरिक हिलिअर्ड नेल्सन, घरचा आणि पुढे साऱ्या देशाचा ‘रिकी’, 8 मे 1940 रोजी न्यू जर्सी राज्यातील टीनेक या गावी जन्मला. वडील ऑझी नेल्सन हे वाद्यवृंदाचे चालक, आई हॅरिएट त्याच वृंदातील गायिका. थोरला भाऊ डेव्हिड. 1944 साली या दांपत्याने रेडिओवर एक कौटुंबिक मालिका सुरू केली. विषय दुसरा तिसरा कुठला नसून त्यांचे स्वतःचेच घर! प्रथम मुलांच्या भूमिका परकी मुले करीत. 1949 साली खुद्द डेव्हिड आणि रिकी आपापल्या भूमिकांत उभे राहिले. रिकी तेव्हा आठ वर्षांचा होता.

1952 साली ही मालिका टेलिव्हिजनवर आली आणि 1966 पर्यंत चालली. चौदा वर्षांत चारशेहून अधिक भाग झाले. स्टुडिओत उभारलेले घर हे नेल्सन कुटुंबाच्या हॉलीवुडमधील राहत्या घराच्या धर्तीवर बांधलेले होते. क्षणभर कल्पना करा. मुलगा सकाळी एका घरातून निघतो आणि दिवसभर तशाच दुसऱ्या घरात जातो. तेथेही तेच आईबाप, तोच भाऊ, नावही तेच. फरक इतकाच, की दुसऱ्या घरात तो काय बोलणार हे वडिलांनी आधीच लिहून ठेवलेले असते. लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि पिता या चारही नात्यांनी ऑझी तेथे हजर! नट आणि माणूस यांच्यामध्ये जो पडदा असावा लागतो, तो या मुलाच्या वाट्याला आलाच नाही.

1957 साली तो सोळा वर्षांचा होता. एल्विस प्रेस्लीवर फिदा असलेल्या एका मैत्रिणीवर छाप पाडावी म्हणून त्याने गाण्याची तबकडी काढण्याचे मनावर घेतले, असे सांगतात. फॅट्स डॉमिनो या कृष्णवर्णीय गायकाचे एक गाजलेले गीत त्याने निवडले आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मालिकेच्या एका भागात ते म्हणून दाखविले. तबकडी हातोहात खपली. वडील धोरणी. भागाच्या अखेरीस रिकीचे एक गाणे, असा प्रघातच त्यांनी पाडला. गावोगाव फिरून गवई जी कीर्ती वीस वर्षांत मिळवितो, ती या मुलाने घरबसल्या मिळविली. कारण देशातील लक्षावधी दिवाणखान्यांत तो लहानपणापासून वावरत होता. ऑगस्ट 1958 मध्ये ‘बिलबोर्ड’ या व्यावसायिक साप्ताहिकाने शंभर लोकप्रिय गीतांची नवी यादी सुरू केली. त्या यादीतील पहिल्या क्रमांकाचा पहिला मान रिकीच्या ‘पुअर लिटल फूल’ला मिळाला.

तो केवळ देखणा होता म्हणून चालला, असे मात्र कोणी समजू नये. आवाज लहान, पल्ला बेताचा. पण आपल्या आवाजाची मर्यादा त्याने ओळखली होती, आणि ती ओलांडण्याचा आव त्याने कधी आणला नाही. साथीला त्याने जेम्स बर्टनसारखा तरुण गिटारवादक घेतला. हाच बर्टन पुढे प्रेस्लीच्या साथीला गेला, यावरून रिकीच्या पारखीची कल्पना यावी. नट म्हणूनही त्याला मोठी संधी मिळाली. हॉवर्ड हॉक्स यांच्या ‘रिओ ब्राव्हो’ (1959) या चित्रपटात जॉन वेन आणि डीन मार्टिन यांच्या शेजारी तो बंदूकधारी तरुणाच्या भूमिकेत उभा राहिला. चित्रीकरण चालू असताना त्याचा अठरावा वाढदिवस आला. त्या दोघा बुजुर्गांनी त्याला शेणखताचे भले मोठे पोते भेट दिले आणि त्यातच लोटून दिले, अशी हकीकत सांगतात. प्रौढांच्या मेळ्यात घेण्याची ती एक रांगडी मुंजच म्हणावयाची!

एकवीस वर्षे पूर्ण झाल्यावर त्याने ‘रिकी’चे ‘रिक’ केले. बदल एका अक्षराचा, पण त्यात सारे मागणे आले. मला आता मोठा होऊ द्या, एवढेच तो सांगत होता. लोकांनी ते ऐकले नाही. 1964 साली इंग्लंडहून बीटल्स आले आणि कालच्या सगळ्याच लाडक्यांना बाजूला सारून गेले. 1966 साली मालिका बंद पडली. सव्वीस वर्षांच्या वयात हा मनुष्य ‘जुना’ झाला!

अशा वेळी दोन मार्ग असतात. जुन्या कीर्तीचे व्याज खात बसावे, किंवा नवे काही शिकावे. रिकने दुसरा मार्ग धरला. तो अमेरिकेच्या ग्रामीण संगीताकडे वळला, 1969 साली ‘स्टोन कॅन्यन बँड’ हा स्वतःचा ताफा उभा केला, स्वतः गीते रचू लागला. ग्रामीण ढंग आणि रॉक यांचा जो मिलाफ पुढे फार लोकप्रिय झाला, त्याच्या आरंभीच्या कारागिरांत त्याची गणना होते.

आता 15 ऑक्टोबर 1971 च्या रात्रीकडे येऊ. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जुन्या रॉक गायकांचा जलसा होता. रिक रंगमंचावर आला तो खांद्यापर्यंत केस वाढवून, नव्या धाटणीचा पोशाख करून. जुनी गाणी त्याने म्हटली; मग रोलिंग स्टोन्सचे एक गीत आपल्या पद्धतीने सुरू केले. सभागृहातून हुर्यो उठली. ती पोलिसांनी मागच्या बाजूला चालविलेल्या धरपकडीविरुद्ध होती, असेही काहींचे म्हणणे आहे. रिकने ती आपल्यासाठीच समजली आणि तो रंगमंच सोडून गेला.

श्रोत्यांची बाजूही ऐकली पाहिजे. जुन्या गाण्यांचा जलसा म्हणून त्यांनी तिकिटे काढली होती. जुनी गाणी मागणे हा काही अपराध नव्हे. पण ते खरोखर गाणी मागत होते काय? गाणी तर त्याने म्हटली होती. माझ्या मते ते आपले सोळावे वर्ष परत मागत होते. समोरच्या माणसाचे केस वाढले, चाल बदलली, याचा राग नव्हता; त्याच्याबरोबर आपलेही वय झाले, हे त्याने दाखवून दिले, याचा राग होता. आपणही ‘वन्समोर’ देतो तेव्हा कित्येकदा गाण्याला देत नाही, आपल्या गेलेल्या दिवसांना देतो. कलावंताने तो द्यावा कोठून?

त्या अपमानातून रिकने ‘गार्डन पार्टी’ हे गीत रचले. त्यात शिव्याशाप नाहीत. सगळ्यांची मर्जी राखण्याचा हव्यास सोडलेल्या माणसाचा शांतपणा आहे. 1972 साली ते अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत चढले आणि दहा लाखांहून अधिक खपले. ज्या श्रोतृवर्गाने त्याला मोठे होऊ दिले नाही, त्याच वर्गाने त्याचे पहिले प्रौढ गाणे उचलून धरले. लोक निष्ठुर असतात, तसेच ते उदारही असतात. फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो आणि कलावंताला धीर.

पुढची वर्षे सुखाची गेली नाहीत. तसे यश पुन्हा आले नाही. संसार मोडला आणि 1982 साली घटस्फोट झाला. तरी तो गावोगाव गात राहिला. 1985 साली लॉस एंजल्समध्ये तो फॅट्स डॉमिनोबरोबर एकाच जलशात गायला. ज्याचे गीत उसने घेऊन सोळाव्या वर्षी आरंभ केला, त्याच्याच पंक्तीत! जुनी गाणी आता तो आपखुशीने गात होता. सक्तीने मागितलेले आणि आपण होऊन दिलेले, यांत हा भेद असतो.

त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, 31 डिसेंबरला, अलाबामाहून डल्लासच्या कार्यक्रमाला जात असता टेक्सासमधील डी काल्बनजीक त्याच्या जुन्या विमानाला आग लागली. रिक, त्याची वाग्दत्त वधू आणि साथीदार असे सात जण गेले. दोघे वैमानिक वाचले. आग अमली पदार्थांमुळे लागली, अशा वावड्या वृत्तपत्रांनी उठविल्या. चौकशीत निश्चित कारण ठरू शकले नाही. संशय मुख्यतः विमानातील हीटरवर गेला. पण वावड्या पुढे धावल्या आणि चौकशी मागे राहिली. लाडक्याचे दोष ऐकण्याचीही आपल्याला एक गोडी असते.

त्याचे वय तेव्हा पंचेचाळीस होते. 1987 साली रॉक संगीताच्या कीर्तिमंदिरात त्याची नोंद झाली. 1990 साली त्याच्या जुळ्या मुलांचे गीत पहिल्या क्रमांकावर गेले.

या चरित्रातून मुलांना काय शिकवावे, ते मी सांगत नाही. मुले आपले लाडके आपण निवडतील. मागणे आहे ते आपल्याकडेच. पंधरा वर्षांच्या पोराला डोक्यावर घेणे सोपे आहे. तो तीस वर्षांचा होऊन नवे काही घेऊन आला, तर दोन घटका बसून ते ऐकणे, ही खरी रसिकता. ज्याच्यावर आपण प्रेम केले, त्याला वाढण्याची मोकळीक दिली नाही, तर ते प्रेम आपले आपल्यावरच होते, असे म्हणावे लागेल.